संशय कोणावरच नव्हता

नितेशराव इंगोले शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाले आणि त्याच संध्याकाळी त्यांना काहीतरी करून दाखवायची हुक्की आली. नुसतं अध्यक्ष होऊन गप्प बसले असते तर आजही सुखात असते. पण गप्प बसायला कोणी अध्यक्ष होतं का? त्याला सदस्यपद पुरतं.

शाळा महापालिकेची. अमरावतीच्या ज्या टोकाला शेतांचे प्लॉट पडले आणि प्लॉटांचं ले-आउट झालं, त्या गोकुळ ले-आउटातली. नितेशराव एका पतसंस्थेत अकाउंटंट, आणि त्यांची आकांक्षा याच शाळेत आठवीत. 'सरकारी शाळेत घातली काय पोरीले?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना ते इतकी वर्षं 'शाळा आपन सुधरवू' असं ऐकवत आले होते. आता अध्यक्ष झाल्यावर सुधरवण्यावाचून सुटका नव्हती. अडचण एवढीच, की शाळा बरी चालली होती. नळाला पाणी होतं, मुख्याध्यापिका खंडारे बाई वेळेवर येत होत्या आणि पोरं चक्क शिकत होती. नव्या अध्यक्षाची अशी कोंडी कुठल्याही शाळेने करू नये.

तेवढ्यात अकोल्याहून साळ्याचा फोन आला. ललिताचा, म्हणजे नितेशरावांच्या बायकोचा, धाकटा भाऊ अश्विन तिकडे एका खासगी शाळेच्या संस्थेवर होता.

"भाऊजी, अभिनंदन! आमच्या इथं तं रोज गेटवर दप्तर तपासतो आमी. सारे पोट्टे लाइनीत. मशीन फिरवली का टुंई करते. मोबाईल नाई, तंबाखूचा खर्रा नाई, काईच आत जात नाई. तुमच्या इकडं काय हाय?"

"आमच्या इकडं," नितेशराव म्हणाले, "हेच सुरू होऊन राह्यलं. लवकरच."

असं काही सुरू होऊन राहिलं आहे हे त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. अकोल्याचं ऊन एकवेळ सोसवतं, अकोल्याचा साळा सोसवत नाही.

समितीची बैठक बोलावली. खंडारे बाई होत्या, रामराव काका होते आणि उपाध्यक्ष फारुखभाई होते. रामराव काका म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. त्यांनी आयुष्यभर चालत्या गाड्या अडवल्या आणि निवृत्तीनंतर चालत्या चर्चा. फारुखभाईंचं हार्डवेअरचं दुकान, आणि घर नितेशरावांच्या भिंतीला भिंत लावून.

"शाळेत काई चोरी झाली काय?" फारुखभाईंनी विचारलं.

"नाई."

"कोनाच्या दप्तरात काई सापडलं?"

"नाई."

"मंग शक कोनावर हाय?"

"कोनावरच नाई."

"तं मंग तपासाचं कोनाले?"

"साऱ्याईले!" नितेशराव विजयी मुद्रेने म्हणाले.

रामराव काका पुढे सरसावले. "फारुख, तुले समजून नाई राह्यलं. संशय असला तं एकालेच खाली उतरवता येते. संशय नसला का पुरी गाडी तपासता येते. संशय नसनं भल्लं फायद्याचं असते, बाप्पा!"

"पन काका, गाडीत बसनारा तिकीट काढून बसते. लेकरू शिकाले येते. त्याचं दप्तर त्याचं असते ना. काई केलं नसन तं हात काहून घालाचा त्यात?"

"ज्यानं काई केलं नाई त्यानं भ्यायचं काहून?" नितेशरावांनी विचारलं आणि खंडारे बाईंना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात पुढे जोडलं, "चोराच्या मनात चांदनं."

खरं सांगायचं तर फारुखभाईंचा मुद्दा त्यांना पटला होता. दुसरा कोणी बोलला असता तर त्यांनी 'विचार करू' म्हटलं असतं. पण समितीबाहेर फारुखभाईंशी त्यांचं बोलणं बंद होतं, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं म्हणणं पटवून घेणं ही फार नामुष्कीची गोष्ट असते. भांडण फाटकावरून झालेलं. दोघांची फाटकं शेजारी शेजारी आणि दोन्ही बाहेर उघडणारी. एकाच वेळी उघडली की एकमेकांवर आदळायची. आधी कोणी उघडायचं, कोणाच्या रंगाचा पोपडा कोणामुळे निघाला, असं करत करत गोष्ट 'तुमी आमच्याशी बोलू नोका' इथपर्यंत गेली. त्या दिवशी नितेशराव तणतणत घरात आले आणि ललिताला म्हणाले, "त्याईचा एखादा डब्बा-गिब्बा असन आपल्याकडं, तं वापस करून टाक. आता देनं-घेनं बंद."

ललिता "बरं" म्हणाली. नितेशरावांना वाटलं, विषय संपला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोच्या 'बरं'चा अर्थ त्यांना लागला नव्हता, पण तो कोणत्या नवऱ्याला लागतो?

ठराव मंजूर झाला. मग खंडारे बाई म्हणाल्या, "पन वरून पत्र पाह्यजे."

पत्रासाठी नितेशराव शिक्षण विभागात गेले. तिथल्या बाबूने अर्ज दोनदा वाचला, उलटा करून पाठीमागे काही आहे का पाहिलं आणि सांगितलं, "झडतीचं टेबलच नाई आपल्याकडं. दप्तराच्या ओझ्याचं हाय. ओझं तपासाची परवानगी पाह्यजे काय? आज देतो."

"पन आमाले आत काय हाय ते पाहाचं हाय."

"ओझं पाहा ना. ओझं काय बाहेर असते?"

नितेशराव ओझ्याचं पत्र घेऊन आले. त्यामुळे तपासणीला वजनकाटा आवश्यक झाला. असा काटा ले-आउटात फक्त फारुखभाईंच्या दुकानात होता, खिळे मोजायचा. तो मागणं शक्यच नव्हतं. नितेशरावांनी दूरच्या बाजारातून कांदेवाल्याचा काटा आणला आणि स्कूटरवर मांडीत धरून, स्वतःच्या प्रतिष्ठेला सांभाळत ते घरी आले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने कांद्याचा भाव विचारला.

मग सल्ले सुरू झाले. रामराव काकांचं म्हणणं, दप्तराकडे पाहायचं नाही, चेहऱ्याकडे पाहायचं. विनातिकीट माणूस खिडकीबाहेर निसर्ग पाहतो. कोणी म्हणालं, पोरींच्या दप्तराला बायाच पाहिजेत. खंडारे बाई म्हणाल्या, "पोरींच्या दप्तरात त्याईच्या कामाच्या वस्तू असतात, इंगोले साहेब. त्या टेबलावर मांडाच्या हाय काय?" नितेशराव एकदम लालबुंद झाले आणि म्हणाले, की त्यावर उपसमिती नेमू. मनात कुठेतरी काटा रुतला होता, पण एव्हाना अश्विनला उद्घाटनाचं आमंत्रण गेलं होतं. 'गोकुळ ले-आउट परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर नितेशरावांचा जाकिटातला फोटोही पडला होता. खाली ओळ होती: 'सुरुवात माझ्या घरापासून. पहिलं दप्तर माझ्या मुलीचं.' त्यावर अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. नितेशराव जेवताना डाव्या हाताने ते मोजत होते.

आकांक्षा समोर ताटात नुसती बोटं फिरवत होती.

"बाबा, दप्तर नोका ना तपासू."

"काहून?"

"असंच."

'असंच' हा शब्द तेरा-चौदा वर्षांच्या पोरीने उच्चारला की बापाच्या डोक्यात किती गोष्टी उभ्या राहतात, हे बापालाच ठाऊक. नितेशरावांनी अंगठे मोजणं थांबवलं. ललिताने घाईघाईने लोणच्याची बरणी पुढे सरकवली. भरल्या लाल मिरचीचं लोणचं, नितेशरावांचा जीव की प्राण! गेली दोन वर्षं अकोल्याहून सासूबाई पाठवत होत्या. एवढ्या लोणच्यापुरती त्यांना सासुरवाडी मान्य होती. एकदा तर त्यांनी भारावून सासूबाईंना फोन करून आभार मानले होते. सासूबाई जरा घोटाळल्या, पण जावयाने केलेलं कौतुक परत करण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र लोणचंही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा अंघोळीला गेली तेव्हा तिचं दप्तर बैठकीत खुर्चीवर एकटं होतं. नितेशराव त्याच्याभोवती फिरले. मोबाईल असेल का? चिठ्ठ्या असतील? कोणाच्या? त्यांचा हात चेनपर्यंत गेला. मग त्यांना आठवलं, लग्नाआधी त्यांच्या स्वतःच्या बॅगेत वडिलांनी असाच हात घातला होता. सापडलं काहीच नव्हतं, पण वडिलांच्या हातून ती बॅग उघडली जाताना झालेली लाज त्यांना आजही जशीच्या तशी आठवत होती. तेवढ्यात ललिता आली.

"काय करून राह्यले तुमी?"

"ओझं पाहून राह्यलो," नितेशराव म्हणाले आणि दप्तर उचलून खाली ठेवलं. भलतंच जड होतं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला! शाळेच्या फाटकाशी मांडव, मांडवात टेबल, टेबलावर नवी चादर, चादरीवर कांद्याचा काटा. अश्विन अकोल्याहून काळा चष्मा लावून आला आणि पिशवीतून ती जगप्रसिद्ध मशीन काढली. प्रात्यक्षिक म्हणून त्याने ती भाऊजींवरूनच फिरवली. टुंई! पट्ट्याचं बक्कल. खाली नेली. टुंई! किल्ल्या. पहिल्या रांगेतल्या पोरांवरून फिरवली तर कमरेशी टुंई, टुंई, टुंई. अर्ध्या पोरांच्या कमरेला आजीने बांधलेला चांदीचा करदोडा, उरलेल्यांच्या गळ्यात पत्र्याचं तावीज. रामराव काका म्हणाले, "अश्विन, मशीन बंद कर. हे तं साऱ्याईलेच विनातिकीट ठरवून राह्यली."

अख्खं ले-आउट लोटलं होतं. बाया घरच्या लग्नाला आल्यासारख्या नटून आल्या होत्या. ललिता होती, आणि चार हात अंतर ठेवून फारुखभाईंची बायको सबीहा होती. दोघी एकमेकींकडे इतक्या काटेकोरपणे पाहत नव्हत्या, की कोणालाही शंका यावी. फारुखभाई मांडवाच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभे होते.

खंडारे बाईंनी नाव पुकारलं. आकांक्षा पुढे आली. दप्तर तिने पाठीवर नाही, पोटाशी धरलं होतं, दोन्ही हातांनी. तिच्या मागे रांगेत तिची मैत्रीण तुबा, फारुखभाईंची लेक, डोळे विस्फारून उभी. ढगळ पांढऱ्या दुपट्ट्यात तिचाही चेहरा उतरला होता.

"ठेव बेटा टेबलावर," नितेशराव म्हणाले. त्यांचा आवाज अध्यक्षाचा होता, पण हात बापाचे होते आणि ते उगाच चादर सरळ करत होते.

"बाबा, तुमाले माह्यावर शक हाय काय?"

ग्रुपवर टाकायला चित्रण करणाऱ्यांचे मोबाईल जरा खाली आले.

"नाई बेटा."

"मंग काहून?"

एवढासा प्रश्न. हाच फारुखभाईंनी बैठकीत विचारला होता, तेव्हा उत्तर तोंडावर होतं. आता शोधूनही सापडेना. 'साऱ्याईलेच तपासून राह्यलो' असं ते कसंबसं पुटपुटले. आकांक्षाने दप्तर टेबलावर ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. नितेशरावांना त्या क्षणी ते पद, तो मांडव, तो साळा, सगळं त्या कांद्याच्या काट्यासकट नाल्यात टाकावंसं वाटलं. पण अंगठे मोजून झाले होते. त्यांनी चेन ओढली.

वह्या निघाल्या. कंपास निघाला. आणि खाली, ओढणीच्या जुन्या कापडात घट्ट बांधलेलं काहीतरी गोल, जड. मशीन बंद असूनही अश्विनने तोंडाने 'टुंई' केलं. नितेशरावांनी गाठ सोडली.

स्टीलचा डबा! झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: सबीहा फारुख शेख.

नितेशरावांनी डबा उघडला. आत सांजोऱ्या. गच्च भरलेल्या, तुपाने चकाकणाऱ्या सांजोऱ्या! काल रात्री त्यांना वाढून झाल्यावर ललिताने 'संपल्या' म्हणून सांगितलेल्या.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

तोवर तुबाने पुढे येऊन आपलं दप्तर आपणच उघडलं होतं. मैत्रीण एकटी उभी आहे हे तिला बघवेना. "अंकल, माह्यातबी हाय," म्हणत तिने दुसरा डबा टेबलावर ठेवला. अश्विन वाकला आणि ओरडला, "अरे! हा तं मी ललिताताईले भाऊबीजेले देल्ला होता! हे पाहा, माहं नाव हाय!" झाकण निघालं, आणि मांडवभर वास सुटला. भरल्या लाल मिरचीचं लोणचं.

नितेशरावांना घेरी यायची बाकी राहिली. "हे... हे तं अकोल्याचं लोनचं हाय!"

"कोन्या अकोल्याचं?" अश्विन म्हणाला. "आमच्या आईले कुठं जमते लोनचं, भाऊजी? दरवर्षी बुरशी लागते त्याले."

दोन वर्षं! दोन वर्षं त्यांनी ज्या घराशी बोलणं टाकलं होतं त्याच घरचं लोणचं बोटं चाटून खाल्लं होतं, आणि आभार अकोल्याला कळवले होते. तिकडे फारुखभाईही खांब सोडून पुढे आले होते. सांजोरीकडे बोट दाखवत ते बायकोला विचारत होते, "ये तो तुम्हारी खाला भेजती थी ना? शेंदूरजनाघाट से?" दोन कुटुंबप्रमुख एकमेकांसमोर सारख्याच पडलेल्या चेहऱ्यांनी उभे होते. भांडणानंतर पहिल्यांदाच दोघांचं एखाद्या बाबतीत मतैक्य झालं होतं.

"ललिता," नितेशराव म्हणाले, "मी तुले देनं-घेनं बंद कराले सांगतलं होतं."

"तुमी डब्बा वापस कराले सांगतलं होतं," ललिता पदर खोचून पुढे आली. "मी वापसच करून राह्यली. पन रिकामा कसा देऊ? आपल्या घरातून रिकामं भांडं कोनाच्या घरी गेलं काय कधी? म्हनून थोडं भरून देल्लं."

"हमारे यहाँ भी खाली बर्तन नहीं लौटाते, भाईसाब," सबीहा म्हणाली. "त्याईनं भरून देल्ला, तं मी बी भरूनच देईन ना. मंग त्याईले पुन्हा द्या लागते. मामला खतमच नाई होऊन राह्यला."

"पोरी एका बाकावर बसतात," ललिताने निकाल पूर्ण केला, "म्हनून दप्तरातून. आज बी तुमी नुसतं ओझंच पाहता असं वाटलं मले. तुमाले तरास नोको म्हनून."

मांडव जो हसायला लागला तो थांबेचना. खंडारे बाई तोंडाला पदर लावून मागे वळल्या. हसता हसता एकेक बाई मात्र गप्प होत गेली, कारण आपण आपल्या लेकराच्या दप्तरातून काय काय पाठवलं आहे हे एकेकीला आठवू लागलं होतं. कोणाची नणंदेला न दाखवता शिवायला टाकलेली साडी, कोणाचं माहेरी जाणारं तूप. रामराव काकांनी रांगेतल्या आपल्या नातवाच्या दप्तराकडे पाहिलं. डॉक्टरांनी खर्रा बंद केल्यापासून तो पानठेल्यावरून घरी कोणाच्या दप्तरातून येत होता, हे तेव्हा फक्त दोघांनाच ठाऊक होतं. काका खिडकीबाहेर पाहावं तसं दूर पाहत म्हणाले, "मले वाटते आजच्यापुरतं एवढं पुरे. पोराईचा अभ्यास बुडून राह्यला."

ठराव तिथल्या तिथे, उभ्याउभ्या, एकमताने रद्द झाला. उपाध्यक्षांनी मांडला, अध्यक्षांनी अनुमोदन दिलं. खंडारे बाईंनी वर कळवलं: दप्तरांचं ओझं तपासलं, सर्व ठीक. अश्विन मशीन पिशवीत घालून, सांजोऱ्या खाऊन अकोल्याला गेला. संध्याकाळी फारुखभाई हातोडी आणि नव्या बिजागऱ्या घेऊन आले आणि नितेशरावांचं फाटक आतल्या बाजूला उघडेल असं करून दिलं. "तुमचं बी फिरवू काय?" नितेशरावांनी विचारलं. "एक फिरलं तं पुरते, नितेशभाऊ," फारुखभाई म्हणाले. नितेशरावांना त्यात थोडा टोमणा वाटला, पण लोणच्यावर नजर ठेवून त्यांनी तो गिळला.

हे सगळं गोड झालं. फक्त आकांक्षा बोलेना.

जेवायला बसली तरी ताटाकडे पाहायची. शेवटी नितेशराव अध्यक्षपण वगैरे सगळं बाजूला ठेवून तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बेटा, माहं चुकलं."

आकांक्षाने पुस्तकातून मान वर केली. "काहून चुकलं, बाबा? लोनचं निंगालं म्हनून?"

"म्हंजे?"

"मोबाईल निंगाला असता तं? चिठ्ठी निंगाली असती तं? तवा बी चुकलं असतं काय?"

नितेशरावांनी मनात हिशेब केला. इतके डबे तिने नेले-आणले, आईचं गुपित सांभाळलं, साऱ्या गावासमोर रडू आलं तरी 'हे आईचं आहे' असं एका शब्दाने म्हणाली नाही. आणि आपण मात्र ग्रुपवरच्या अंगठ्यांपायी तिला टेबलापुढे उभं केलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "विचार करून सांगतो."

आकांक्षाने पुन्हा पुस्तकात मान घातली.

सोमवारी सकाळी फाटकापाशी आकांक्षाच्या बुटाची लेस सुटली. तुबा आपल्या फाटकातून हाका मारत होती. डबे आता भिंतीवरून उघडपणे जात होते, त्यामुळे दप्तरात डबा असण्याचं काही कारण नव्हतं. आकांक्षाने इकडेतिकडे पाहिलं आणि, कितीतरी दिवसांनी, बापाकडे दप्तर पुढे केलं.

"बाबा, पकडा जरा."

नितेशरावांनी पकडलं. जड होतं! डब्याशिवाय जड! वरून चेन अर्धी उघडी, आणि आत वह्यांच्या मध्ये काहीतरी निळं, चकचकीत. काय असेल? त्यांची मान आपोआप वाकायला लागली. डावा डोळा तर पोचलासुद्धा. तेवढ्यात त्यांनी स्वतःला सावरलं, तोंड विजेच्या खांबावरच्या कावळ्याकडे वळवलं आणि कावळ्याकडेच पाहत, चाचपत चाचपत, चेन शेवटपर्यंत बंद केली.

आकांक्षा लेस बांधता बांधता सगळं पाहत होती. उठून तिने दप्तर पाठीला लावलं.

"वाढदिवस हाय तुबाचा, बाबा. गिफ्ट हाय त्यात."

"मी इचारलं काय?" नितेशराव म्हणाले, आणि अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांची छाती खऱ्या अर्थाने फुगली.